नमिता सरवदेचं दुसरं आजारपण

बायोप्सीचा रिपोर्ट नमिताने लॅबच्या जिन्यातच उघडला. शेवटच्या दोन ओळी वाचल्या, कागद परत पाकिटात घातला आणि ती कामावर गेली. दिंडोशीच्या कोर्टासमोर चंद्रप्रकाश वकिलांचं ऑफिस आहे. तिथे ती टायपिंग करते. वकील येरझारा घालत बोलतात आणि ती ऐकत ऐकत टाइप करते. त्या दिवशी एका भाडेकरूचं चौदा पानी प्रतिज्ञापत्र होतं. संध्याकाळी सहाला तिने ते छापून दिलं. एकही चूक निघाली नाही.

घरी तिने कोणालाच काही सांगितलं नाही.

नमिता तेवीस वर्षांची. सतराव्या वर्षी, बारावीत असताना, तिला लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला होता. तेव्हा घरच्यांनी तिच्यापासून तो लपवला होता. आई म्हणायची, "गाठींचा ताप आहे, सहा महिन्यांत जाईल." खरं नाव तिला सांगितलं ते केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर असणाऱ्या राधाने. राधा माहुलची, कोळ्यांची पोर, वयाने हिच्याएवढीच. ती तिथे दुसऱ्यांदा आली होती.

"एकदा बरं झाल्यावर परत कसं काय झालं गं?" नमिताने विचारलं होतं.

"ते तू नको विचारूस," राधा म्हणाली होती. "तुझं पहिलंच आहे ना, मग गप पडून राहा."

नमिता बरी झाली. राधा त्याच वर्षी दिवाळीनंतर गेली. नमिताला ते फार उशिरा कळलं.

आता मानेच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडावर, पुन्हा वाटाण्याएवढी गाठ लागत होती. रिपोर्ट येऊन आठ दिवस झाले तरी ती रोज ऑफिसला जात होती. ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळायची, जेवताना आईशी जास्त बोलायची. सांगितलं की सगळं सुरू होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नवव्या दिवशी रविवार होता. आई सकाळी विहारात गेली होती. वडील धोंडिराम चहा घेत बसले होते. मूळचे बीडकडचे हे गृहस्थ तीस वर्षं आरे कॉलनीतल्या तबेल्यावर म्हशी सांभाळत होते. बोलणं कमी. त्यांनी कप खाली ठेवला.

"दवाखान्यात कधी जायचंय?"

"कोणाला?"

"तुला."

नमिता हसायला गेली, पण तिला जमलं नाही. "तुम्हाला कोण बोललं?"

"महिना झाला, फणीने पाय खाजवतेस. रक्त येईपर्यंत. मागच्या टायमाला पण असंच होतं. सकाळी तुझी उशी घामाने ओली असते." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "जनावर खायचं थांबलं की मला पहिल्या दिवशी कळायचं. आपली पोरगी कळणार नाही होय?"

"मग विचारलं का नाही, पप्पा?"

धोंडिरामांनी कप पुन्हा उचलला. "मला वाटलं, विचारलं नाही तर नसेल."

आई आली तेव्हा त्यांनीच तिला सांगितलं. ती दारातच खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "आपण तेव्हा लपवलं. तेच शिकली ती."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई त्याच होत्या, केस मात्र पांढरे झालेले. मागच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "बरी होशील." या वेळी त्या सावकाश बोलल्या. "स्कॅनमध्ये छातीतही एक गाठ दिसली आहे. आधी दोन वेळा औषध देऊन बघू. लागू पडलं, तर तुझ्याच रक्तातल्या पेशी काढून ठेवू, मग मोठा डोस देऊन त्या पेशी परत शरीरात सोडू."

नमिताचं कामच वाक्यं ऐकण्याचं. तिने तो 'तर' ऐकला. धोंडिरामांनी ऐकला नसावा. ते मान हलवत होते.

मागच्या औषधाने तिच्या हाताच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्या होत्या. सुई जाईना, म्हणून छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध सोडायची छोटी डबी, बसवला. पहिल्या केमोच्या दिवशी ती उपाशीपोटी निघाली. लिफ्टचं दार चौथ्या, केमोच्या मजल्यावर उघडलं, स्पिरिटचा वास आला आणि ती तिथेच ओकली. औषधाचा अजून एक थेंबही आत गेला नव्हता. सहा वर्षं ती तो मजला विसरली होती, शरीर विसरलं नव्हतं.

नर्सने दोन-दोन हातमोजे घातले, अंगावर निळा गाऊन चढवला, मग औषधाची पिशवी उचलली. नमिता बघत राहिली. जे हाताला लागू नये म्हणून ही बाई एवढी जपते, ते आपल्या छातीत सोडणार. मागच्या वेळी हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"भीती वाटते का?" नर्सने विचारलं.

"सुरू करा तुम्ही," नमिता म्हणाली.

पाच तास लागले. धोंडिराम बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले होते. तो कोणीच उघडला नाही.

चौथ्या दिवशी तिच्या डाव्या कानात आवाज सुरू झाला. बारीक, सलग, बंद न होणारा. आधी तिला वाटलं शेजारी कुकर लागलाय. दोन्ही कान दाबले तरी आवाज आतच होता. कानावर परिणाम होऊ शकतो, हे तिने सही केलेल्या कागदावर होतं. तिने ते वाचलंही होतं. कान गेला तर वकिलांचं बोलणं कसं टिपणार? आणि सांगितलं, तर औषध कमी करतील. कमी केलं, तर गाठ राहील. दोन दिवस ती हेच घोळवत राहिली. मग मात्र वडिलांजवळ जाऊन बसली.

"पप्पा, कानात वाजतंय."

"कधीपासून?"

"परवापासून."

"परवा सांगायचं ना गं," ते म्हणाले आणि उठून चपला घालायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासायला पाठवलं आणि दुसऱ्या वेळी त्यातलं एक औषध बदलून दिलं. "याने तेवढंच काम होईल ना?" नमिताने विचारलं. "जवळपास," त्या म्हणाल्या. आवाज थोडा बसला, गेला नाही. केस चौदाव्या दिवसापासून उशीवर दिसायला लागले. आईने ते उचलले.

दोन केमो झाल्यावर स्कॅन झालं. तिघंही रिपोर्ट ऐकायला गेले. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली नाही.

"मानेतली गाठ गेली आहे. छातीतली आहे अजून. थोडी लहान झाली."

"किती?"

"थोडी," त्या पुन्हा म्हणाल्या. "पेशी आत्ता काढता येणार नाहीत. आणखी एक औषध जोडून बघू."

आईने पदर तोंडाला लावला. धोंडिरामांनी विचारलं, "आणि त्यानेही नाही झालं तर?"

बाईंनी सोमवारची तारीख कागदावर लिहिली. नमिताने वडिलांच्या मनगटावर हात ठेवला.

"पप्पा, किती वाजता यायचं ते विचारा."

सोमवारी पावणेआठला बोलावलं होतं. ते साडेसातलाच पोहोचले. नर्सने तिला वजनकाट्यावर उभं केलं. मागच्यापेक्षा पाच किलो कमी भरले. नर्सने काट्याकडे दोनदा पाहिलं, आकडा लिहिला आणि औषधाची मात्रा नव्याने ठरवायला डॉक्टरांना फोन लावला.