खडवलीच्या नदीकाठी माझं धावणं

नव्वदच्या दशकात नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी बजावलं, "साखर वाढलीय. गोळ्या नको असतील तर धावा." नौपाड्यात ओळखीचे फार, म्हणून मी दर रविवारी लोकलने खडवलीला जाऊ लागलो. नदीकाठची वाट, दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर. धावायला याहून सुंदर जागा मला माहीत नव्हती.

पण खडवलीला लोकल गाड्या मोजक्याच. तिथे धावणारा माणूस म्हणजे गाडी चुकणारा माणूस. मी जरा वेग घेतला, की शेजारी मोटारसायकल थांबायची.

"बसा काका, गाडी गाठून देतो!"

"अहो, मी तब्येतीसाठी धावतोय."

"तब्येत दिसतेय ना! बसा पटकन."

एवढ्या मायेला नाही म्हणणं मला पाप वाटायचं. मी बसायचो, आणि ते मला गाडीत चढवूनच परतायचे. एकदा मी मुद्दाम स्टेशनाकडे पाठ करून धावलो. "काका, स्टेशन मागे राहिलं!" म्हणत एकाने मला वळवून आणलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "धावता ना?"

"दर रविवारी खडवलीला जातो," मी खालमानेने म्हणालो.

त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि गोळ्या लिहून दिल्या.