न भाजलेला कोपरा

मातीकडे बघून लाजल्यासारखा हसणारा माणूस मी जन्मात एकच बघितला, तो रोह्याच्या कॉलेजातला मातीवाला मास्तर. माझ्या मोठ्या लेकाच्या वयाचा, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. आमच्या गावी, गडबला, शेतावर यायचा, बांधावर पालथा पडायचा नि मूठभर माती जेवणाच्या डब्यात भरून न्यायचा. घरी ती नरसाळ्यात टाकायची नि वर बल्ब लावायचा, म्हणजे उजेडाला कंटाळून आतले किडे खालच्या बाटलीत पडतात. मोहरीपेक्षा बारीक, आठ पायांचे. मग दुर्बिणीखाली त्यांच्या पाठीवरचे केस मोजत बसायचं. केस वेगळे निघाले तर जात वेगळी. मी म्हटलं, "मास्तर, तुझ्या डोक्यावर चार उरले नायत नि त्याचे मोजतोस?" तर म्हणतो, "म्हणूनच काकी, माझे लवकर मोजून झाले." शेतातून जाताना मलाच सांगायचा, "हळू चाला, खाली वस्ती हाय."

एका साली आमच्या करंजाखालच्या कोपऱ्यात त्याला असा एक किडा गावला, जो आजवर कुणी लिहून ठेवला नव्हता. पण एकट्यावर नवी जात ठरवायला त्याचं मन धजेना. तसलेच आणखी चार-सहा पायजेत. ते शोधायला आला, तर मी त्याच जागी राब रचून ठेवलेला. शेण, पालापाचोळा, वर माती. भात पेरायच्या आधी आम्ही जमीन भाजतो, तण मरतं, रोप जोर धरतं. माझ्या हातात काडीपेटी. मास्तर धावत आला नि इस्त्रीच्या पँटीसकट राबावर जाऊन बसला.

"ऊठ रे, शेण हाय ते."

"नाय उठत. खाली असतील ते, काकी. जगात आणखी कुठं असतील, ठाऊक नाय."

"नि रोप तणात मेलं तर माझी नातवंडं काय खातील? तुझा किडा?"

मालक गेले त्या साली तेराव्याच्या आधी मी राब भाजला. रडायला नंतर बसले. राब मी कुणासाठी थांबवला नव्हता. पण हा शेणात बसून माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग मी खाटेएवढा कोपरा मोकळा केला नि बाकीचं पेटवलं.

त्या कोपऱ्यातून सात निघाले. जातीला त्यानं आमच्या गावाचं नाव दिलं. छापून आल्यावर मला रोह्याला नेऊन दुर्बिणीत बघायला लावलं. मला माझ्या पापण्याच दिसल्या. तो बाजूला श्वास धरून उभा. "दिसला, काकी?"

"व्हय रे. गुटगुटीत हाय."

आता साखरेनं मास्तरचे डोळे गेले. राब भाजायच्या दिवसांत फोन करतो, "काकी, कोपरा?" मी म्हणते, हाय. तेवढ्या कोपऱ्यात दरसाल तण माजतं, ते मी बसून हातानं उपटते. परवा म्हणाला, "तुम्ही बघितलात ना त्याला. कसा होता, सांगा."

"गुटगुटीत. पाठीवर केस."

"किती?"

"तू मोजलेस तेवढेच," मी म्हटलं.

 तिकडून तो हळूच हसला, मातीकडे बघून हसायचा तसा.