केतकीच्या गाडीवरचा बर्फ

सुरुवातीलाच सांगून टाकते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आले. माझे वडील मिरजेला शाळेत विज्ञान शिकवायचे. दर गॅदरिंगला स्टेजवर जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवायचे आणि लगेच त्यामागचं कारण फळ्यावर लिहायचे. अशा घरात वाढलेली मुलगी असल्या गोष्टींवर काय डोंबल विश्वास ठेवणार! तरी लिहायला बसले आहे... कारण जे झालं ते एका व्यक्तीला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि ती व्यक्ती इथलं सगळं वाचते.

आम्ही ईडन प्रेरीला राहतो, मिनेसोटामध्ये. तिसऱ्या मजल्यावर अपार्टमेंट. बंदिस्त गराजसाठी भली मोठी वेटिंग लिस्ट, त्यामुळे गाड्या उघड्यावर. आमचा स्पॉट बावीस नंबरचा, शेजारचा तेवीस केतकीचा. माझ्या किचनच्या खिडकीतून खाली पाहिलं की दोन्ही गाड्या समोर दिसतात. केतकी साताऱ्याची. तळमजल्यावर राहायची, चार वर्षांच्या ओवीला घेऊन. नवरा सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे, दुसऱ्या राज्यात.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगते - बर्फातून गाडी बाहेर काढणं म्हणजे रोजची वीस मिनिटांची शिक्षा आहे. आधी ब्रशने वरचा भुसभुशीत बर्फ पाडायचा. मग खाली काचेला चिकटलेला कडक थर स्क्रॅपरने खरवडायचा. कंटाळून छत तसंच सोडलं तर पहिल्या ब्रेकला तो सगळा ढीग घसरून समोरच्या काचेवर येतो. हातमोज्यांच्या आत बोटं बधिर होतात. माझा नवरा नितीन घरून काम करतो, आठपर्यंत पांघरुणात असतो. त्याचं म्हणणं, "यार, तू रिमोट स्टार्ट लावून घे ना, वरूनच गाडी गरम होईल." झालं, नवऱ्याचं कर्तव्य संपलं.

तर मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात केतकीचे बाबा सहा महिन्यांसाठी आले. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर. मी त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात काकांनी मुलीला मदत म्हणून पातेलंभर पाणी उकळलं आणि थेट पुढच्या काचेवर ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. केतकी डोक्याला हात लावून हसत सुटली, "बाबा, अहो काय केलंत हे!" वरून बघताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चला, निदान काहीतरी बिघडलं, असं मनात आलं.

पण काका शिकले. स्क्रॅपर त्यांना पसंत पडला नाही, "पत्रा ओरबाडतो" म्हणाले. इंडियन ग्रोसरीतून एक कुंचा आणला, आपण घर झाडायला वापरतो तोच. रोज सकाळी सातच्या सुमाराला कानटोपी घालून खाली. कुंच्याने छत, बॉनेट, काचा, सगळं हलक्या हाताने झाडायचे. काच पुसल्याशिवाय गाडी डेपोबाहेर काढली नाही कधी, हे ते मला दहा वेळा तरी सांगून गेले असतील. मग आट्याचा रिकामा खोका उघडून ड्रायव्हरच्या दाराशी अंथरायचे, लेकीचे बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून. आणि शेवटी दारावर तळहाताने दोन थापा. डबल बेल. गाडी सोडायला हरकत नाही.

हे सगळं मी वरून बघायचे. साडेसहाला माझा इंडियाचा कॉल असतो, त्यामुळे चहा घेऊन खिडकीत उभी असायचेच. आणि माझ्या पोटात दुखायचं. माझ्या वडिलांचा व्हिसा दोन वर्षांपूर्वीच झाला होता. तिकीट काढते म्हटलं की त्यांचं एकच, "तिथे येऊन मी करू काय?" फोनवरही दोन मिनिटं. बरी आहेस ना, मग ठेवतो. काकांनी एकदा मला हाक मारली होती, "पोरी, तुझीपण झाडून देऊ का?" मी तोऱ्यात म्हटलं, "नको काका, मला सवय आहे." नंतर स्वतःचीच गाडी खरवडताना मला रडू आलं. बर्फामुळे नव्हे.

काका साताऱ्याला परत गेले आणि जुलैत झोपेतच वारले. केतकी जाऊन आली.

नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी खिडकीत आले तर माझ्या गाडीवर वीतभर बर्फ, आणि तेवीस नंबरची गाडी स्वच्छ. दाराशी पुठ्ठा.

आधी वाटलं, मेंटेनन्सवाल्याने केलं असेल. मग वाटलं, कोणीतरी तिच्यावर मेहेरबान आहे. म्हटलं बाईचं नशीब बघा, वडील गेले तर दुसरा कोणी हजर! किती घाणेरडा विचार, पण आला. दुसऱ्या वेळी मी खाली उतरून नीट पाहिलं. बॉनेटवर उरलेल्या पातळ थरात बारीक रेघा होत्या, एकीला लागून एक. बर्फाच्या ब्रशने अशा रेघा उमटत नाहीत. कुंच्याने उमटतात. काचेच्या कडेला गवताची एक काडीही अडकली होती.

मग मी पाळत ठेवायला लागले. जमेना. कॉलवर कोणी प्रश्न विचारला, मी म्यूट काढायला वळले, की तेवढ्यात झालेलं असायचं.

जानेवारीतली एक सकाळ मात्र मी विसरणार नाही. रात्रभर बर्फ पडून नुकता थांबला होता. पार्किंगचे दिवे चालू. दोन्ही गाड्या सारख्याच गाडलेल्या, खाली चिटपाखरू नाही. मी खिडकीशी ठाण मांडून बसले. मागे शेगडीवर दूध होतं. ते फसफसल्याचा आवाज आला, मी धावले, बर्नर बंद केला, ओटा फडक्याने पुसला. दोन मिनिटं, जास्तीत जास्त. आणि पुसतानाच खालून आवाज आला.

थप्. थप्.

वळून पाहिलं तर केतकीची गाडी लख्ख होती.

मी कोट चढवून तशीच खाली धावले. आता हे नीट वाचा, कारण मला अजून याचं उत्तर मिळालेलं नाही. गाडी झाडली की बर्फ जातो कुठे? खाली पडतो. चारी बाजूंनी ढीग होतात. तिथे ढीग नव्हता. आजूबाजूचा बर्फ रात्री पडला तसाच सपाट, त्यावर एक पाऊल नाही. मग त्या गाडीवरचा वीतभर बर्फ गेला कुठे? पुठ्ठा उचलून पाहिला. वरून खालून कोरडा होता.

मला भीती वाटायला हवी होती, नाही? मला राग आला. पुठ्ठा हातात तसाच होता आणि डोक्यात एकच गोष्ट - मेल्यावरसुद्धा हिचे बाबा येतात. माझे जिवंत असून येत नाहीत.

त्याच शनिवारी लाँड्री रूममध्ये केतकी भेटली. ओवीचे कपडे घडी करता करता खाली बघूनच म्हणाली, "अनघा, एक बोलायचं होतं गं. गाडीचं. तूच करतेस ना रोज?"

मला कळेचना. ती म्हणाली, "मी मुद्दाम बोलले नाही. बोललं तर तू थांबशील असं वाटलं. बाबा कसे करायचे ते तुझ्याशिवाय कोणी पाहिलंय इथे? पुठ्ठासुद्धा टाकतेस." आणि तिचे डोळे भरून आले.

माझ्या हातात सगळं होतं. 'मी नाही गं,' एवढंच म्हणायचं. मग मी पाहिलेलं सांगायचं आणि तिला कळलं असतं. पण तेच मला नको होतं. वडिलांची माया तिच्या वाट्याला आधीच एवढी आलेली, त्यात हेही कशाला?

मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं."

तिने मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून ड्रायरच्या गोल काचेत फिरणारे कपडे बघत राहिले.

पुढचा बर्फ चार दिवसांनी पडला. सकाळी खिडकीत आले. दोन्ही गाड्यांवर सारखाच बर्फ. साडेसहा, पावणेसात, सात. मी कॉल सोडून खाली बघत बसले. काही झालं नाही. काही होणारही नाही, हे मला आतून कळलं. साडेसातला केतकी ओवीला घेऊन बाहेर आली असती आणि तिने ती गाडी पाहिली असती.

मी ब्रश घेतला आणि पळत खाली गेले.

तेव्हापासून बर्फ पडला की रोज तिची गाडी मी साफ केली. इंडियन ग्रोसरीत जाऊन कुंचा आणला. आट्याचे खोके जपून ठेवायला लागले. आधी तिची गाडी, मग वेळ उरला तर माझी. नितीन म्हणाला, "तू बरी आहेस ना? स्वतःची गाडी तशीच आणि लोकांची झाडतेस?" थापा द्यायचाही मी एकदा प्रयत्न केला. हात दारापर्यंत गेला आणि परत घेतला. तेवढं माझ्याच्याने झालं नाही. अशा एकोणीस सकाळी.

मार्चमध्ये केतकीच्या नवऱ्याला प्लेनोला नोकरी लागली. टेक्सास, बर्फाची कटकट संपली. निघायच्या दिवशी ती वर आली आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. आत काकांची कानटोपी होती. "तुझ्याकडेच असू दे," म्हणाली. "त्यांची राहिलेली ड्युटी तू केलीस." मग दारात चपला घालता घालता हसली. "सुरुवातीला डबल बेलसुद्धा द्यायचीस. मला आत ऐकू यायची, मी त्यावरच उठायचे. नंतर का बंद केलीस गं?"

मी म्हटलं, "हात गारठायचे."

ती कानटोपी कपाटात आहे. मला हवं होतं ते मिळालं म्हणायचं, आणि ते कपाट उघडवत नाही.

गेल्या आठवड्यात मी हे सगळं वडिलांना फोनवर सांगितलं. सगळं, खोट्यासकट. म्हटलं आता कापूर काढतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कारण सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिहावं. पण निरीक्षण खोटं लिहायचं नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत तुला हेच शिकवलं होतं ना?" आणि त्या दिवशी फोन त्यांनी ठेवला नाही. तिकडे किती बर्फ पडतो, काच कशाने खरवडतात, विचारत राहिले. शेवटी मीच ठेवला.

म्हणून इथे निरीक्षण लिहिते आहे.

केतकी, तू हे वाचशील, मला माहीत आहे. जानेवारीच्या त्या शनिवारनंतरच्या एकोणीस सकाळी तुझी गाडी मी झाडली. त्याच्या आधीची एकही नाही. पुठ्ठा मी टाकला नव्हता. तू ज्या डबल बेलवर उठायचीस ती मी दिली नव्हती. कोणी दिली, कशी दिली, ते मला सांगता येत नाही, आणि तो बर्फ कुठे गेला तेही नाही. कानटोपी कुरियरने पाठवते आहे. मला एवढंच खात्रीने माहीत आहे की ती मी नव्हते.