आता तुमीच नेसा

मी मुळात भांडखोर. आमच्या घरात भांडं पडलं तरी शेजारीण भिंतीवरून विचारायची, "आज पोरीचं कोणासंगं?" अशी मी त्या दुकानात कितीतरी महिने मूग गिळून बसले, याचं मला अजून नवल वाटतं.

दुकान साड्यांचं, अकोल्याच्या जुन्या शहरात. शेठ, शेठचा मेव्हणा, दोन गडी आणि मी. मी दर्यापूरहून रोज बसने यायची. बाबांनी नोकरीला हो म्हटलं ते एका अटीवर: "काही उलटंसुलटं कानावर आलं, तं घरी बसाचं." कोणी माझ्याशी वाईट वागलं तरी घरी मीच बसायचं, असा त्याचा अर्थ मी घेतला आणि तोंड बंद ठेवलं.

गादीवर बसलेल्या बायकांना साडी अंगावर लावून दाखवावी लागते. हे काम दुकानातले पुरुषच करतात. चांगला मिशीवाला माणूस कमरेला निऱ्या खोचून, डोक्यावर पदर घेऊन उभा राहतो आणि कोणाला हसू येत नाही. मी आल्यावर मेव्हण्याने नवी पद्धत काढली. साडी माझ्या ड्रेसवर लावायची आणि लावणार तो. पदर सारखा करताना त्याचा हात खांद्यावरून खाली घसरायचा, निऱ्या खोचताना पोटावर रेंगाळायचा. गिऱ्हाईक साडीचे काठ बघायचं. मी घरी गेले की आधी न्हाणीत जायची.

एकदा शेठला बाजूला घेऊन सांगितलं. तो हसला. "अवं, त्याचा सोभावच मोकळा हाय. मनात काई नसते त्याच्या."

मनात नसेल. हातात होतं.

लग्नसराईत एक बस्ता आला. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एकाच दुकानात, एकाच बैठकीत. आत्या, मावश्या, चुलत्या, गादी भरून गेली. नवरीची परीक्षा होती, म्हणून ती घरून मोबाइलवर साड्या बघत होती. एक मावशी फोन धरून बसली होती. मेव्हण्याने शालू उलगडला, मला उभं केलं आणि निऱ्या घेऊन हात पुढे आणला. मी त्याचं मनगट धरलं.

"हात काढा," मी म्हटलं. माझा आवाज तसाही दोन गल्ल्या जातो. "साडी दाखवाच्या नावानं रोज माह्या अंगाले हात लावून राहिले तुमी. आता बस!"

मेव्हणा कसनुसा हसला, "काईबी बोलून राहिली पोरगी." मी शालू अंगावरून ओढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. "घ्या. आता तुमीच नेसा."

नवरीची आत्या पुढे सरकली. "खोटं नाई बोलत पोरगी. मी केव्हाची पाहून राहिली याचा हात." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "नेस बाप्पा, नेस. आमाले पदर पाहाचा हाय."

बस्ता हातचा जाईल म्हणून शेठनेही मानेने खूण केली. मेव्हण्याने शालू लावला, डोक्यावर पदरासकट. कान लालबुंद. मी हाताची घडी घालून समोर उभी होते. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

बस्ता गेल्यावर शेठ तणतणला. "गिऱ्हाइकासमोर तमाशा कावून केला? असं एकांतात सांगाचं असते."

"एकांतात सांगतलं होतं, शेठजी. तुमी हासले."

"उद्यापासून तू गोदामात बस."

"मी नाई जात. त्यायले पाठवा. नाईतं मी कलेक्टर कचेरीत जातो. लहान दुकानातल्या बायांची तक्रार घ्याले तिथं समिती असते, मले मालूम हाय."

शेठने गल्ल्यातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मग मेव्हण्याला म्हणाला, "गोदामाच्या चाब्या घे."

मी तरंगतच बसमध्ये चढले. आणि मग आठवलं, निघताना आत्या म्हणाली होती, "आमची नवरी तिकडं दर्यापुरातून सारं पाहून राहिली होती." दर्यापूर ते केवढंसं! म्हणजे बस सुटायच्या आधीच बाबांना कळलेलं असणार. जिंकलेली नोकरी आता बाबांच्या अटीपायी जाणार होती.

बाबा ओट्यावर बसले होते.

"भर बस्त्यात बोलली म्हणते?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो. पण मी घरी बसणार नाई, बाबा."

"तुले कोण बस म्हणते?" बाबा माझ्यावरच खेकसले. "उलटंसुलटं त्यानं केलं. घरी त्यानं बसावं."

आई आत पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं.

सकाळी बाबा माझ्याआधी स्टँडवर. याआधी ते मला सोडायला कधी आले नव्हते. अकोल्याची गाडी लागली तशी गर्दी दाराकडे धावली. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, खिडकीतून आत टाकला आणि माझी जागा धरली.