अडुसष्ट नंबरचा डबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सेलूतल्या माझ्या दुकानात ट्रॅक्टरचं ऑइल विचारायला पार आंजीपासून लोक येतात. मी एक थेंब अंगठा-बोटात चोळतो, वास घेतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो. त्या चोळण्यातून मला आजवर काहीही कळलेलं नाही. गिऱ्हाइकाला मिटलेले डोळे आवडतात.

चार वर्षांपूर्वी हिंगणीचे एक ट्रॅक्टरमालक आले. "शेठ, लिफ्टचं ऑइल द्या." त्यांच्या नव्या ट्रॅक्टरात गिअर, नांगर उचलणारी लिफ्ट आणि ब्रेक एकाच ऑइलात बुडालेले, त्याला वेगळं ऑइल लागतं. मला ते माहीत होतं. पण ते संपलं होतं, आणि अडुसष्ट नंबरच्या साध्या हायड्रॉलिक ऑइलचा डबा समोर होता. मी चोळलं, डोळे मिटले. "न्या बिनधास्त." ट्रॅक्टरसोबतची पुस्तिका त्यांनी शेताच्या कागदांत जपून ठेवली होती, प्लास्टिकही न फाडता.

लिफ्ट झकास चालली. ब्रेक मात्र दोन महिन्यांत किंचाळायला लागले. मालक ड्रायव्हरला घेऊन सल्ल्याला आले, माझ्याकडेच.

"काऊन बे, दिवसभर ब्रेकवरच पाय ठेवून राह्यतं काय?"

"नाई मालक. ऑइल बदललं तवापासून असं होऊन राह्यलं. शेठले विचारा."

"तू शेठले शिकवतं काय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा मागवला. म्हणालो, "ऑइल तर बरोबर आहे. काहींना ब्रेकवर पाय ठेवायची सवय असते." 'काहींना' म्हणालो, त्याचं नाव घेतलं नाही, एवढी माझी सभ्यता.

त्याची अकरा वर्षांची नोकरी चहा थंड व्हायच्या आत गेली. पुढे ब्रेकच्या चकत्या नव्या बसवल्या, तेव्हा मी योग्य ऑइल पाठवलं. "नव्या चकत्यांना हेच लागतं," असं सांगून. आवाज थांबला. मालक अजून गावभर सांगतात, ड्रायव्हर बदलला अन् ब्रेक सुधारले. माझी गिऱ्हाइकी वाढली.

तो आता केळझरकडे मजुरीला जातो. ब्रेक खाणारा म्हणून त्याच्या हाती कुणी ट्रॅक्टर देत नाही. भेटला की मलाच नमस्कार करतो.

मालकांसमोर, त्याला शेजारी उभं करून, मला सांगायचं आहे की ऑइल चुकीचं होतं, ते मी जाणून दिलं आणि त्याचा पाय ब्रेकवर नव्हता. हे मी अजून सांगितलेलं नाही.