नडगीवरची नवी कातडी

बोरगावच्या मालुबाईंची नडगी पाण्याच्या नळावर आपटून सोलली, तेव्हा त्या फारशा कळवळल्या नाहीत. उभा जन्म निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडण्यात गेलेला. असल्या खरचटण्याला भीक घालणारी बाई नव्हे ती. पण जखम चिघळली आणि दवाखान्याची पायरी चढावी लागली.

तिथल्या पारमिता नर्सनं त्यांचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, मुलगा बेंगळूरला, फोनवर ‘जेवलीस का’ एवढंच. माणसाच्या हाताची ऊब मालुबाई विसरूनच गेल्या होत्या.

“आज्जी, कडेला गुलाबी दिसतंय न्हवं? ती नवी कातडी. कडेच्या पेशी वाढत्यात. एकीच्या दोन, दोघींच्या चार. सगळीकडनं मधी सरकत येत्यात.”

“आणि मग?”

“एकमेकींना भेटल्या की थांबत्यात. फकस्त घरचं औषध म्हणून तंबाखू दाबू नका वर. नव्या पेशी मरत्यात.”

“बरं हाय त्यांचं,” मालुबाई म्हणाल्या. “भेटतंय तरी कुणीतरी.”

पारमिता हसली. मालुबाई काही थट्टा करत नव्हत्या.

पुढं जखम जणू हट्टाला पेटली. कड पुढं सरकायची, पुन्हा मागं जायची. एकदा पट्टी सोडताना पारमिताच्या नाकात वास शिरला.

“आज्जी, सांगितलं हुतं न्हवं? का लावली तंबाखू?”

मालुबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. “जखम भरली तर तू कशाला पाय हातात घेशील गं?”

पारमिताला रागही आला आणि भरूनही आलं. तिनं जखम मात्र नेहमीपेक्षा हळू धुतली. मालुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा तंबाखूला हात लावला नाही.

जखम बिनबोभाट मिटली. पारमितानं वरून बोट फिरवलं. “झालं, आज्जी. आता याया नको,” म्हणत तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

संध्याकाळी न्हाणीत अंग घासताना मालुबाईंचा हात नडगीशी थांबला. बाकीच्या कातडीला आईचा, नवऱ्याचा, लेकराचा हात लागलेला. हा एवढासा तुकडा आत्ता कुठं आला होता. त्याला पारमिताशिवाय जगात कुणी हात लावला नव्हता. तेवढी जागा त्यांनी घासली नाही, नुसतं पाणी ओतलं.