दोंडाईच्याची अपुरी यादी

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील मोर्च्यांची पत्रकं लिहायचे, मी त्यांच्या घड्या घालायचो. जळगावहून धुळ्याला प्रोग्रॅमरच्या नोकरीवर आलो आणि त्या सवयीने पहिल्याच महिन्यात भांडलो. काम होतं कापूस खरेदी केंद्रांच्या याद्यांचं. दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कुणाच्या कापसाच्या गाड्या घ्यायच्या, त्यांची नावं केंद्रावरून धुळ्याच्या संगणकावर यायची. मी म्हणालो, नावं मराठीत हवीत. माणसाला फाटकावर लावलेल्या यादीत स्वतःचं नाव वाचता आलं पाहिजे. साहेब कंटाळून म्हणाले, "ठेव बाबा मराठी-इंग्रजी दोन्ही. ज्याला जे जमेल ते टाकेल."

यादी पाठवणारा भाग मीच लिहिला. दोन संगणकांमध्ये सॉकेट उघडायचं, म्हणजे बोलण्यापुरती एक वाट. आधी सांगायचं मजकूर किती लांब आहे, मग मजकूर सोडायचा. पलीकडचा तेवढाच मोजून घेतो आणि वाट बंद करतो. मी इंग्रजी नावं टाकून तपासलं. चाललं.

हंगाम सुरू झाला आणि दोंडाईच्याची यादी अपुरी येऊ लागली. फक्त दोंडाईच्याची. नाव नाही म्हणून तिकडच्या गाड्या फाटकावरून परत जायच्या. तिथे नावं टाकायला एक अक्का होती, कंत्राटावर, घरात कमावणारी एकटी. साहेबांनी ठरवून टाकलं, बाई अर्धं काम टाकून घरी पळते. शनिवारपर्यंत बघायचं, नाहीतर दुसरी ठेवायची. मला विचारलं तेव्हा मी खुर्चीवरून न उठता म्हणालो, "आपल्या बाजूने काही नाही. बाकीच्या केंद्रांच्या याद्या पूर्ण येतात ना?"

कंत्राटी कामगारांसाठी मी स्वतः दोन पत्रकं लिहिली होती. तरी हे वाक्य तोंडातून सहज गेलं. तेव्हा रोज बारा तास काम चालू होतं, पण ते कारण नाही.

शुक्रवारी मला दोंडाईच्याला धाडलं, ती किती वाजेपर्यंत बसते ते बघायला. शिंदखेड्यापर्यंत एसटीत उभाच होतो.

"या भाऊ, पहारा द्यायला ना?" अक्का म्हणाली. "बसा. खुर्ची डुगडुगते, बेतानं."

मी बेतानं बसलो. ती एकेक नाव टाकत गेली. मराठीत, काना-मात्रा तपासून. बेचाळीस नावं झाली. तिने पाठवायचं बटण दाबलं आणि पडद्यावर माझ्याच प्रोग्रॅमने लिहिलं: पाठवले.

मी धुळ्याला सहकाऱ्याला फोन लावला. "किती आली?"

"पंधरा. सोळावं अर्धंच आहे, शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन."

"भाऊ, बठ्ठा नाव टाकेल शेतस मी," अक्का घाईने म्हणाली. "सगळी टाकली, तुम्ही बघितलं ना आता?"

बघितलं होतं. त्या फुटलेल्या अक्षरावरून सगळं कळलं. मी लांबी मोजली होती अक्षरांची, आणि वाटेवरून जातात ते बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, मराठीत अक्षर काय नि मात्रा काय, प्रत्येकाला तीन. म्हणजे तिचा संगणक एक तृतीयांश लांबी सांगायचा, धुळ्याचा तेवढंच घेऊन वाट बंद करायचा. बाकीच्या केंद्रांनी गुपचूप इंग्रजीत नावं टाकली म्हणून ते वाचले.

"तुम्ही मराठीत का टाकता?" मी विचारलं.

"तुम्हीच तर सांगितलं होतं शिकवायला आले तेव्हा. एवढं भाषण दिलं होतं!"

मी तिच्यासमोरच साहेबांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, बाईंची नाही, शनिवारचं रद्द करा, असं सांगितलं. साहेबांनी माझंच वाक्य काढलं.

"परवा तर म्हणालास आपल्या बाजूने काही नाही."

"न बघता म्हणालो."

"घ्या. आणि हा निघाला मराठी वाचवायला! बाईंना राहू दे. पण उद्यापासून सगळं इंग्रजीत, कळलं?"

"साहेब, एका ओळीची दुरुस्ती आहे. आत्ता करतो."

"कर. पण टाकायचं इंग्रजीतच."

मी तिथेच त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून ती ओळ बदलली: मजकुराचे आधी बाइट करायचे, मग लांबी मोजायची. पुन्हा यादी पाठवली. बेचाळीसच्या बेचाळीस पोचली. अक्काला म्हणालो, आता मराठीत टाकलंत तरी काही होणार नाही, साहेबांशी मी भांडतो.

ती संगणकावर कापड टाकत होती. "तुमचं खरं असेल भाऊ. पण तुम्ही भांडणार धुळ्याला, आणि नाव कमी पडलं तर विचारणार मला." मग जरा हसून म्हणाली, "इंग्रजी स्पेलिंगं माझी कच्ची शेतस. चुकली तर हसू नका."

हसणार नाही म्हणालो. भाषण तयार होतं, नेहमी असतं. ते न देता स्टँडवर आलो आणि धुळ्याच्या गाडीची वाट बघत बसलो.